चौथ्या क्रमांकाची भैरवी

माझ्या घरात एक यादी फ्रीजवर असते, एक पर्समध्ये आणि तीन फोनमध्ये. याची मला कधी लाज वाटली नाही. बावन्न वर्षांची आहे. नोकरी, घर आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आई सांभाळून आमच्या संकुलाच्या सांस्कृतिक समितीचं चिटणीसपद सहा वर्षं निभावलं, ते याद्यांच्या जोरावरच. समितीत कुणी काही विसरलं की लोक म्हणतात, "ताईंच्या यादीत बघा." त्यामुळे त्या दिवाळी पहाटेला जे झालं ते माझ्याच यादीमुळे झालं, हे तोंडाने म्हणायला मला चार महिने लागले.

आम्ही उपनगरापलीकडे, इंद्रलोक नावाच्या वस्तीत राहतो. संकुलात गुजराती आहेत, मारवाडी आहेत, उत्तर प्रदेशची घरं आहेत, आणि परळ-लालबागहून इकडे आलेली आमच्यासारखी मराठी कुटुंबं आहेत. दिवाळी पहाट मात्र सगळ्यांची. आमच्या इमारतीतले गुजराती काका दरवर्षी पहिल्या रांगेत स्वेटर घालून बसतात. "बेन, शब्द समझ में नहीं आते, लेकिन दिन अच्छा जाता है," असं मला दरवर्षी सांगतात.

त्या वर्षी गायकाचं नाव मी सुचवलं. नाव इथे लिहीत नाही. भावगीतं ऐकत वाढलेल्या कुठल्याही घरात ते माहीत असतं. वय ऐंशीच्या पुढे. समितीत पहिला प्रश्न आला, "गातात अजून?"

"गातात. मी चौकशी केलीय," मी म्हटलं.

खरं कारण आई होती. आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. पेटीच्या दोन परीक्षा दिलेली. लग्नाआधी आणि लग्नानंतरही शाळेतल्या मैत्रिणींबरोबर ती या गायकाच्या कार्यक्रमांना जायची. त्यांचं एक गाणं आमच्या घरात इतक्या वेळा वाजलंय की त्याला घरगुती नाव पडलं, 'काठाचं गाणं'. नदीच्या पलीकडच्या काठावर कुणाचा तरी दिवा आहे आणि इकडचा माणूस तो विझेपर्यंत बघत बसतो, असं काहीसं आहे ते. मला ते अख्खं पाठ आहे. मला गाण्यांचे शब्द पाठ होतात. रागातलं काही कळत नाही. ते आईचं खातं.

आईला ते गाणं समोर बसून पुन्हा एकदा ऐकायला मिळावं, एवढंच मला हवं होतं. तिचे गुडघे गेलेत, तिला दर तासाला बाथरूमला जावं लागतं. पुढच्या दिवाळीचं काही सांगता येत नव्हतं.

गायकांच्या सुनेशी फोनवर बोलणं झालं. बाई मोजकं बोलणाऱ्या, मला आवडल्या. कोमट पाणी, पाठीला टेकायला तक्क्या, स्टेजला पायऱ्या नसतील तर उतार, असं त्यांनी एकेक सांगितलं आणि मी लिहून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "आणि क्रम. अकरा गाणी आहेत, त्यांचा क्रम तेवढा सांभाळा. फर्माईश घेऊ नका. बाबांना शब्द अजून पाठ आहेत, पण एकामागून एक आले तर. क्रम हलला की ते हलतात."

मी लिहिलं: क्रम, तसाच.

"माझ्याकडचा कागद बारीक अक्षरांत आहे," त्या पुढे म्हणाल्या. "तुम्ही मोठ्या अक्षरांत टाइप करून आणाल का? त्यांना स्टँडवरचं वाचता येईल असं."

"आणते की. माझं कामच आहे ते."

त्यांनी यादी फोनवर पाठवली. मी ती तशीच आमच्या साउंडवाल्याला पुढे पाठवली. तो जवळच्या डोंगरी गावचा, आमच्या सगळ्या कार्यक्रमांना तोच असतो. मग मी टाइप करायला बसले. काठाचं गाणं अकराव्या नंबरवर होतं. सर्वात शेवटी.

मी वेळा मांडल्या. साडेपाचला सुरुवात. एकेक गाणं आणि मधलं बोलणं धरून शेवटचं गाणं आठच्या पुढे जाणार. आई तासापलीकडे बसणार नाही. ती उठून गेली की व्हीलचेअर, लिफ्ट, परत खाली, आणि तोवर गाणं संपलेलं. अकरावं गाणं चौथ्यावर आणलं तर साडेसहाच्या आत होऊन जात होतं. मी ते कापून वर चिकटवलं. बाकीची एकेक घर खाली सरकली. माऊसने दोन सेकंदांचं काम. सून क्रमाबद्दल म्हणाल्या होत्या ते मला आठवत होतं. पण मला वाटलं, घरातल्या माणसांना काळजी असते, जरा जास्तच असते. याद्यांचं मला कळतं. गाणी तीच अकरा आहेत, एकही कमी केलेलं नाही.

कागद मी लॅमिनेट करून घेतला. आणि माझ्या यादीत 'क्रम, तसाच' यापुढे बरोबरची खूण केली.

पहाटे मंडपात चारशे खुर्च्या भरल्या होत्या. उत्तनहून आणलेल्या झेंडूच्या माळा, पायऱ्यांवर पणत्या, सगळं वेळेवर. आईला मी पहिल्या रांगेच्या टोकाला बसवलं, म्हणजे खुर्ची बाहेर काढायला सोपी. ती नऊवारी नेसली होती, हे मला तिथेच कळलं. वर शाल असल्यामुळे घरातून निघताना माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गायक सुनेच्या हाताला धरून आले. कुर्त्याचा गळा सैल झालेला, मनगटं एवढीशी. लोक उभे राहिले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "अरे बापरे, किती खंगलेत." पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा आवाजाला खरखर होती. वरचा सूर त्यांनी न घेताच सोडून दिला आणि आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात तो लावून घेतला. दुसऱ्यात मात्र ती जुनी जागा आली, एका शब्दावर थोडं थांबून पुढचा शब्द अलगद ठेवायची. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या समितीतल्या वहिनी, ज्या गेला महिनाभर 'एखादी तरुण मुलगी बोलवा' म्हणत होत्या, त्या पदराने डोळे पुसत होत्या. वर धरलेले मोबाइल लोकांनी खाली घेतले. ते मी मुद्दाम बघितलं. गुजराती काकांचे डोळे मिटलेले होते.

तिसऱ्या गाण्यानंतर सून कोमट पाण्याचा थर्मास भरून आणायला मागे गेल्या. गायकांनी पुढे वाकून स्टँडवरचा कागद बघितला. थोडा वेळ बघत राहिले. पेटीवाले त्या दिवशी नवीन होते, नेहमीचे आजारी होते. त्यांनी मान वर करून गायकांकडे पाहिलं. गायकांनी मान हलवली आणि काठाचं गाणं सुरू केलं.

साउंडवाला माझ्या जवळ आला. कानात म्हणाला, "ताई, माझ्या कागदावर हे शेवटचं हाय."

"बदललंय. चालू दे."

"त्याईंना ठाव हाय?"

"चालू दे रे."

त्या पहाटेचं सगळ्यात चांगलं गाणं ते होतं. खोटं कशाला सांगू. आवाजाची खरखर कुठे गेली कळलं नाही. मी आईकडे बघितलं. तिचा चेहरा मी जसा ठरवला होता तसा नव्हता. ती माझ्याकडे बघत होती. ओठ हलले तिचे. नंतर कळलं, ती म्हणत होती, "आत्ताच भैरवी?"

गाणं संपलं. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मग बाजूला हात नेऊन इलेक्ट्रॉनिक तंबोरा स्वतःच बंद केला. तो आवाज इतका वेळ होता हे तो थांबल्यावर कळलं. वाकून त्यांनी स्टेजला हात लावला, हात कपाळाला लावला आणि माइकमध्ये म्हणाले, "दिवाळीच्या शुभेच्छा. सांभाळून राहा सगळे. येतो."

टाळ्या झाल्या, मग थांबल्या. साडेसहासुद्धा वाजले नव्हते.

भैरवीने कार्यक्रम संपतो हे मला माहीत होतं. कुणाला माहीत नसतं? आपल्याकडे भैरवी झाली की लोक चपला शोधायला लागतात. फक्त काठाचं गाणं म्हणजे भैरवी, हे मला माहीत नव्हतं. ते म्हणून अकरावं होतं. साठ वर्षं ते गाणं त्यांनी कार्यक्रमाच्या शेवटी गायलं होतं, त्यानंतर तंबोरा बंद केला होता, त्यानंतर घरी गेले होते.

"एवढंच?" कुणीतरी मोठ्याने म्हणालं.

"चहा पण आला नाही अजून!"

"विसरले वाटतं," मागच्या एका रांगेतून आलं, आणि हसू फुटलं. फार मोठं नाही. पण स्टेजपर्यंत जाईल एवढं.

सून धावत आल्या, त्यांच्या शेजारी बसून कानाशी काहीतरी बोलल्या. माइक चालूच होता. "भैरवी झाली ना?" ते म्हणाले. "मग? आता काय?" चारशे लोकांनी ते ऐकलं.

मी स्टेजवर गेले. सगळ्यांना वाटलं मदतीला गेले. मी स्टँडवरचा लॅमिनेट केलेला कागद उचलला आणि माझ्या फाइलमध्ये ठेवला. त्या क्षणी मला काही सुचत नव्हतं, असं लिहायला बरं वाटेल. पण मला नेमकं सुचलं होतं. सुनेने तो कागद बघू नये, हे.

सुनेने फोनमधली मूळ यादी काढली आणि त्यांना चौथं गाणं सांगितलं. त्यांनी तंबोरा पुन्हा लावला. ध्रुवपद आलं, अंतरा आला नाही. पेटीवाल्यांनी ती ओळ तीनदा वाजवली. गायकांनी सुनेकडे बघितलं, मग स्टँडकडे, जिथे काही नव्हतं. पुढचं गाणं कसंबसं झालं. त्याच्या पुढचं अर्ध्यात राहिलं. "भैरवीनंतर काय सुचणार हो," ते लोकांकडे बघून हसत म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, ज्या टाळ्या आपण लहान मुलाला वाजवतो. आम्ही चहा लवकर फिरवला.

मागच्या खोलीत ते खुर्चीत बसले होते. मी हार-नारळाचं तबक घेऊन गेले. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "ताई, आज माझं चुकलं. तुमचा कार्यक्रम मी बिघडवला. माफ करा."

मी म्हटलं, "नाही हो सर, असू द्या. होतं असं या वयात."

हे माझं वाक्य आहे. मी त्यांना माफ केलं.

साउंडवाला वायरी गुंडाळत होता. जाताना म्हणाला, "ताई, मी कोनाला काय बोललो न्हाय." मी त्याला थँक्यू म्हटलं. तेही मी म्हटलं.

घरी आल्यावर आईला बाथरूममध्ये नेलं, मग पलंगावर बसवलं. तिने पेलाभर पाणी एका दमात संपवलं, मग दुसरा मागितला.

"अगं, किती तहान लागलीय तुला."

"काल संध्याकाळपासून पाणी घेतलं नाही मी," ती म्हणाली. "तीन तास बसायचं होतं ना."

मी दुसरा पेला भरून दिला.

"चौथ्यावर तू आणलंस ते." प्रश्न नव्हता.

"तुला ऐकायला मिळावं म्हणून. तू तासाच्या वर बसत नाहीस..."

"मला विचारलंस?"

"नाही."

"सतरा गोष्टी लिहितेस कागदावर. त्यात 'आईला विचारणे' एवढं एक लिहायचं होतंस." मग पेला मला परत देत म्हणाली, "हसत होते गं लोक त्यांना."

आई शिक्षिका होती. वर्गात कुणी चूक केली की शिक्षा करायची नाही, पण चूक मान्य होईपर्यंत त्या मुलाशी दुसरं काही बोलायची नाही. माझ्याशीही तिने तेच सुरू केलं. औषध, जेवण, आंघोळ, एवढ्यापुरतं बोलायची. आणि आठवड्यातून एकदा, "कळवलंस?"

मी कळवलं नाही. समितीची बैठक झाली. वहिनी म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं." अध्यक्ष म्हणाले, "त्यांचा मान आहेच, पण आता वय झालं. लोकांसमोर असं व्हायला नको होतं बिचाऱ्यांचं. यापुढे जरा तरुण कलाकार बघू." कुणीतरी म्हणालं, "घरच्यांनी तरी पाठवायला नको होतं." सगळ्यांनी मान हलवली. इतिवृत्त मीच लिहिते. मी लिहिलं: पुढील वर्षी तरुण कलाकारास प्राधान्य द्यावे, सर्वानुमते मंजूर. माझं अक्षर चांगलं आहे. सर्वानुमते यात मीही आले.

फेब्रुवारीत मंडपाचं सामान लावताना एका खोक्यात त्यांच्या चष्म्याचं घर सापडलं. पत्ता विचारायला सुनेला फोन केला. कुरिअर करायचं, एवढंच यादीत होतं.

"ठेवा तुमच्याकडे किंवा पाठवा, काही घाई नाही," त्या म्हणाल्या. "आता स्टँडचं काही वाचत नाहीत ते."

"म्हणजे?"

"त्यानंतरचे दोन्ही कार्यक्रम त्यांनीच नाही म्हणून कळवले. घरीसुद्धा गात नाहीत. पेटीवर बसले की विचारतात, मी हे आत्ता गायलो का? मग उठतात. आपण त्या दिवशी कागद बघितला होता की नव्हता, हे अजून विचारतात मला. मी काय सांगू? मी तिथे नव्हते." मग म्हणाल्या, "तुमच्यावर राग नाही हं. तुम्ही तर सगळं किती छान केलं होतं."

मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. तिथेच सांगितलं. कागद मी बदलला, कशासाठी बदलला, आणि नंतर उचलून नेला. सगळं, क्रमाने.

"हे मला नका सांगू," त्या म्हणाल्या. आवाज बदललेला होता. "थांबा."

ते फोनवर आले. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे मला जिन्यात ओरडून सांगावं लागलं. वरून उतरणारी दोन माणसं वळून बघत गेली. मी सांगितलं की कागदावर चौथं तेच लिहिलेलं होतं, तुम्ही कागद बघूनच गायलात, चूक माझी होती.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नाही सर."

"मला वाटलंच होतं तेव्हा. म्हटलं, हे इथे कसं? पण कागद तुम्ही केला होता. म्हटलं, बाईंनी काही विचार करून ठेवलं असेल." मग म्हणाले, "तिथल्या लोकांना सांगितलंत का हे?"

"नाही."

"तिथे हसले होते, ताई. त्यांना सांगा."

एवढंच म्हणाले. माफ केलं म्हणाले नाहीत, मीही माफी मागितली नाही. ज्या सहजतेने मी त्यांना ती देऊन टाकली होती, त्यानंतर मागायला तोंड नव्हतं.

त्या संध्याकाळी आईला सांगितलं, फोन केला म्हणून. ती म्हणाली, "आणि इथे?"

रविवारी बैठक होती. विषयपत्रिकेत शेवटी मी स्वतःच एक ओळ घातली, 'दिवाळी पहाट, खुलासा'. उभी राहून सगळं सांगितलं. दोन्ही कागद टेबलावर ठेवले, सुनेच्या यादीची प्रत आणि माझा. कुणी ते हातात घेतले नाहीत.

अध्यक्ष म्हणाले, "ताई, जाऊ द्या हो. तुम्ही उगाच मनाला लावून घेता."

"मनाला नाही, हा बघा ना कागद."

"अहो, एक गाणं पुढेमागे झालं म्हणून कुणी असं विसरतं का? वयच झालं त्यांचं. तुम्ही सांभाळून घेताय, ते तुमच्या स्वभावाला शोभतंच."

वहिनी म्हणाल्या, "किती करायचं हो दुसऱ्यासाठी! सगळं आपल्या अंगावर घ्यायचं काय कारण?"

मी पुन्हा सांगितलं. अजून एकदा सांगितलं. जितकं सांगावं तितकी मी त्यांच्या नजरेत मोठी होत गेले. घरी येऊन संकुलाच्या ग्रुपवर लिहिलं. हात जोडलेल्या खुणांची रांग लागली. एकाने लिहिलं, 'ग्रेट ताई, रिस्पेक्ट.' साउंडवाल्याने फक्त लिहिलं, 'बरं झालं सांगितलंत.' गुजराती काका दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, "बेन, आप बहुत अच्छे हो." मी म्हटलं, "काका, गलती मेरी थी." ते म्हणाले, "हाँ हाँ," आणि माझ्या खांद्यावर थोपटून तिसऱ्या मजल्यावर उतरले.

त्याच आठवड्यात चष्म्याचं घर पाठवलं. ते पोचल्याचा फोन आला तो त्यांचाच.

"सांगितलंत?"

"सांगितलं, सर. सगळ्यांसमोर."

"काय म्हणाले?"

आई समोर बसून लसूण सोलत होती. तिने हात थांबवले.

"म्हणाले, चूक आमच्या ताईंची होती."

"पटलं त्यांना?"

"हो," मी म्हटलं.

फोन तोंडापासून बाजूला गेल्याचा आवाज आला. आत कुणाला तरी मोठ्याने सांगत होते, "बघ! मी म्हणत नव्हतो?" मग पेटी सरकवल्यासारखं काहीतरी ऐकू आलं आणि फोन तसाच राहिला. मी तो कानाला लावून बराच वेळ उभी होते. आईने पुन्हा लसूण सोलायला घेतला.

आमच्याकडे ते कुणालाच पटलेलं नाही.